साठ हजार माणसं

किरणने दुसरी थोबाडीत मारली तेव्हा समोरच्याचा ओठ फुटला.

“नाव सांग.”

“किरण घाडी.”

तिसरी बसली. खुर्चीला नायलॉनच्या दोरीने बांधलेला तो माणूस खुर्चीसकट भिंतीवर आदळला.

नाहूरच्या या खोलीचा पत्ता काढायला किरणला नऊ दिवस लागले होते. तीन वर्षं खपून त्याने ‘किरण घाडी, पखवाज’ हे सोशल मीडियावरचं पान उभं केलं होतं. साठ हजार माणसं त्याला त्याच नावाने ओळखत. वाढदिवसाला शुभेच्छा देत, खोकला झाला की काढे सुचवत. आणि हा कुठला उपटसुंभ एक खातं उघडतो, सदतीस माणसं जमवतो आणि खरा किरण मीच म्हणून वर तक्रार ठोकतो! सहापर्यंत तक्रार मागे घेतली गेली नाही, तर सध्या रोखून धरलेलं पान कायमचं बंद होणार होतं. पावणेपाच वाजले होते.

“तुझ्या खात्याचा पासवर्ड बोल.”

“अरे बाबा, माझं आधार कार्ड बघ ना. कपाटात आहे.”

“असली कार्डं गल्लोगल्ली छापून मिळतात. साठ हजार लोक येडे आणि तुझं एक कार्ड शहाणं, काय?”

“मग आमच्या भजनी मंडळात विचार. तिथल्या भाऊंना फोन लाव.”

“जास्त शहाणपणा नको. तुझ्या व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलंय, वाचलंस? चोर. किरणदादाची झेरॉक्स.”

“वाचलं,” तो माणूस हळूच म्हणाला. “दोन दिवस तेच वाचतोय.”

कोपऱ्यात पखवाज होता. त्याच्या एका तोंडाला ओली कणीक थापलेली होती. असला गलिच्छपणा किरणला बघवेना. त्याने ती नखांनी खरवडून जमिनीवर फेकली.

“ती कणीक... तिच्याशिवाय पखवाज घुमत नाही,” तो माणूस म्हणाला. नुसता किरणकडे बघत राहिला.

“पासवर्ड!”

“नाही देणार. नाव सोडून दुसरं आहे काय माझ्याकडे?”

किरणने ओट्यावरचा वरवंटा उचलला. त्या माणसाचा उजवा पंजा खुर्चीच्या हातावर दाबला. पहिल्या घावाला दोन बोटं गेली. किंकाळी बाहेर जाऊ नये म्हणून त्याने वळणीवरचा टॉवेल त्याच्या तोंडात कोंबला. दुसऱ्या घावानंतर तो माणूस होकारार्थी मान हलवू लागला.

टॉवेल काढला, पासवर्ड मिळाला. तक्रार मागे गेली. मग किरणने त्याच्यासमोर मोबाइल धरला आणि त्याच्याकडून वदवून घेतलं, “मी तोतया आहे. किरणदादांची माफी मागतो.” एवढं बोलून त्या माणसाने मान टाकली.

पाचच मिनिटांत किरणचं पान पुन्हा उघडलं. माफीचा व्हिडिओ त्याने तिथे टाकताच खाली बदामांचा पाऊस पडला. ‘दादा, आम्हाला माहीतच होतं!’ किरणच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचलो, तो पुटपुटला.

दारावर थाप पडली. त्याने कडी काढली.

दारात आई उभी होती. दर मातृदिनाला किरणच्या पानावर जिचा फोटो असे, तीच. हातात भाजीची पिशवी.

किरणला भरून आलं. तो तिच्या पायांशी वाकला. “आई, मिटलं सगळं. कबूल केलं त्याने.”

“तू कोण रे बाबा?” ती म्हणाली. मग तिची नजर आत गेली. पिशवी टाकून, त्याला ढकलून ती खुर्चीकडे धावली.

“किरणाऽऽ!”