बांधलेला गुडघा

डाव्या गुडघ्यावरच्या पट्टीनं निशिवाकीला भरपूर कमावून दिलं होतं. दोन वर्षांत दोनदा जपानचा किताब, आणि आजची टोकियोतली निवड कुस्ती मारली की थेट ऑलिम्पिक. भांडवल म्हणाल तर कापडी चिकटपट्टीचं एक भेंडोळं. कारण डावा गुडघा ठणठणीत होता. किडला होता तो उजवा, आणि त्यावर तो धागासुद्धा चढू द्यायचा नाही. समोरचा पैलवान पट्टी बघून डावा पाय धरून पट काढायला झेपावायचा. निशिवाकी त्याचीच वाट बघत असायचा. पाय मागे, आणि हा त्याच्या पाठीवर.

वस्ताद ओबातांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि पट्टी गुंडाळायला घेतली. "उजव्याचं डॉक्टर काय म्हणाले?"

"एक मुरगळा बसला की कुस्ती टीव्हीवर बघायची, म्हणाले."

दारावर टकटक झाली. कुरोगी आत येऊन कमरेत वाकला. चार वर्षं एकाच आखाड्यात, निशिवाकीला सेम्पाय, म्हणजे थोरला, मानत त्याच्या हातचा मार आणि भात खाऊन वाढलेला. आज शेवटच्या जोडीत तोच समोर आला होता.

"सेम्पाय, गुडघा फार दुखतोय का?"

"दुखतोय. म्हणून तर तुझं नशीब उघडलंय, गधड्या. जा, अंग गरम कर."

कुरोगी पट्टीकडे बघत राहिला. मग पुन्हा वाकला आणि गेला.

"पहिल्या मिनिटात डाव्यावर येतो बघा," निशिवाकी हसला. "भूक लागली की माणूस ओळख विसरतो."

तो उठला तेव्हा उजवा गुडघा सुक्या काटकीसारखा वाजला. वस्ताद हसले नाहीत.

पहिल्या मिनिटात कुरोगी आला नाही. दुसऱ्यातही नाही. नुसता मानेला हात घालून रेटत राहिला. रेफरीनं त्याला ढिलाईची ताकीद दिली आणि एक गुण निशिवाकीच्या नावावर चढला.

"हा पट का काढत नाही?" मधल्या विश्रांतीत वस्तादांनी विचारलं.

निशिवाकीनं चूळ भरून टाकली. "दार नीट उघडं दिसलं नसेल."

दुसऱ्या फेरीत त्यानं ते सताड उघडलं. डावा पाय पार पुढे, अंगाचा सगळा भार मागे उजव्यावर.

कुरोगीची नजर पट्टीवर गेली. तिथं क्षणभर थांबली, आणि तिथून उठून उजव्या पायावर येऊन बसली.

निशिवाकीला तेव्हा कळलं. आजवर त्यानं प्रत्येकाची हाव मोजून ठेवली होती. कुणाची माया मोजायची राहून गेली होती. त्यानं उजवा पाय मागे ओढायला घेतला.

झोपलेल्या माणसाला वळसा घालून जावं तसा कुरोगी डाव्या पायाला वळसा घालून गेला, आणि उजव्यावर तुटून पडला. गुडघ्याचा तो आवाज वरच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेला.

रेफरी विजयी हात उंचावायला बोलावत होता, पण कुरोगी उठेना. मॅटला कपाळ टेकून तो एकच बोलत होता.

"सेम्पाय, बांधलेल्या पायाला मी हातसुद्धा लावला नाही. खरंच नाही लावला."

जे काही देणं होतं ते उजव्यानं एकरकमी फेडलं होतं. डाव्यावरची पट्टी सकाळी बांधली तशीच होती, पांढरीस्वच्छ, एक सुरकुती नाही.