जांभळी चाकं

"स्वयंपाकघरात रंगाचा एक जरी डाग दिसला, तर तुझा रोबोट माळ्यावर!" आईने बजावलं. मी सगळा थाट गॅलरीत मांडला. खाली रद्दी, हातात मोजे आणि फक्त रंगासाठी ठेवलेल्या पातेल्यात गरम, जांभळं पाणी. रोबोटची पांढरी प्लॅस्टिकची चाकं त्यात सोडली.

थोड्या वेळाने एक चाक चिमट्याने काढून गार पाण्यात बुचकळलं. काय सॉलिड रंग चढला होता!

"अगंबाई, वांग्यासारखं चमकतंय!" आईने ते उघड्या हाताने ओलंच उचललं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत पळाली.

मागोमाग मी गेले. गॅस बंद करताना पांढऱ्या टाइल्सवर तिची जांभळी बोटं उमटली होती.

"बघतेस काय? फडकं दे," आई हसू दाबत म्हणाली. "आणि पुढचं चाक मीच काढणार!"