पाहणीचा वार

ताटात वरण-भात आणि वालीची भाजी पाहून पाहणी समितीचे चेहरे उतरले.

"सुगंधा, ह्या काय गो?" उपसरपंच भाईंनी भात बोटाने उकरून पाहिला. खाली काही लपवलेलं नव्हतं.

"आज सोमवार, भाईनू. सोमवारी माझ्या चुलीर मासळी चढणा नाय."

सुगंधाची खानावळ बारा वर्षं बाजारातल्या भाड्याच्या गाळ्यात होती. आता रस्ता रुंद होणार, महिनाअखेरीस गाळा पडणार. म्हणून तिने वाडीतल्या बापाच्या घरात पडवीला बाकं मांडली, मागे मोरी बांधून घेतली. हवा होता तो पंचायतीचा एक कागद, ना हरकत दाखला. तो नाही मिळाला तर चूल विझणार आणि तिच्या हाताखालच्या तीन बायका घरी बसणार.

पण शेजारच्या भिकाजीने पंचायतीत एक बंद पाकीट दिलं होतं. भिकाजी म्हणजे हरकत, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गटारावर हरकत, कुंपणाच्या दगडी गडग्यावर हरकत, शाळेच्या घंटेवरसुद्धा हरकत. सुगंधाच्या बापाशी तो फणसाच्या एका फांदीवरून वीस वर्षं भांडला होता. त्यामुळे पाकीट फोडायची कुणाला गरजच वाटली नाही. वर 'हरकत' असं लिहून ते फाईलला लागलं आणि समिती कामाला लागली.

समिती भारीच कसोशीची हो! पहिल्या बुधवारी सुरमई तळून झाली, पण वास शेजारी जातो की नाही याचा उलगडा होईना. म्हणून शुक्रवारी बांगड्याचं तिखलं करून पुन्हा पाहणी. रविवारी सांडपाण्याचा निचरा बघायचा होता. त्याला कोळंबी लागली आणि माणशी चार वाट्या सोलकढी. मोबाईलवर फोटोही निघाले, बहुतेक ताटांचे. असे दोन महिने गेले. पाहणीचे वार तीनच: बुध, शुक्र आणि रवी. इतर दिवशी भाईंना म्हणे तालुक्याला कामं असत. जेवण झालं की ते फाईलने वारा घेत आणि म्हणत, "भिकाजीची हरकत गंभीर आसा. परत येवक व्हया."

सुगंधा आतल्या आत जळायची. समितीवर चिडायची सोय नव्हती, म्हणून सगळा राग भिकाजीवर निघाला. तिने त्याच्या घराकडे बघणंही सोडलं. रवळनाथापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, ह्या मेल्याची लेखणी मोड." म्हातारा एकटाच गडग्यापलीकडे खुर्ची टाकून बसलेला असे, नाक वर करून. वास हुंगून पुरावा गोळा करतोय मेला, असं तिला वाटे.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा ती पंचायतीत गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सोमवारी जेवकच येवा." जेवण म्हटल्यावर वार कोणता हे भाईंच्या लक्षातच आलं नाही.

आज जेवण पाच मिनिटांत उरकलं. हात सुकले. करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा समितीतल्या अजयने चाळा म्हणून पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचू लागला.

"'विषय: शेजारील खानावळीस माझी हरकत नसल्याबाबत.'" तो अडखळला. "'मी एकटा असतो. वयोमानाने रांधणे होत नाही. शेजारी चूल पेटल्यास माझी सोय होईल. तरी परवानगी ताबडतोब द्यावी. विलंब झाल्यास त्यास माझी तीव्र हरकत राहील.'"

भाई खाकरले. "तरीपण एकदा बुधवारी येवन खात्री..."

"भाईनू, सही," सुगंधाने पेन त्यांच्या हातात कोंबलं. "नायतर ह्या पत्र मी ग्रामसभेत वाचतलंय. तारखेसकट. कोणी काय काय खाल्ल्यान, ता पण सांगतलंय."

दोन महिन्यांचा अभ्यास अर्ध्या मिनिटात पुरा झाला. तिघांच्या सह्या पडल्या आणि समिती मागे न बघता गेली.

कागद हातात आला, तरी सुगंधाला आनंद होईना. तिला स्वतःची लाज वाटत होती. नाक वर करून बसलेला म्हातारा डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिने ताट वाढलं, भातावर तुपाची धार धरली आणि गडग्याला वळसा घालून ते भिकाजीपुढे ठेवलं.

"काकानू, चुकलंय मी. जेवा."

भिकाजीने ताट न्याहाळलं. भात बोटाने उकरला. खाली काही लपवलेलं नव्हतं.

"दोन म्हयने सुरमयचो वास," तो म्हणाला, "आणि माझ्या ताटात वरण? कागद-पेन दी गो माका. हरकत घालूची आसा."