कामसू काच

फोटोवाल्यांनी स्टुडिओच्या किल्ल्या टेबलावर आपटल्या. "हाही फोटो हलला तर दुकान तुझं. मी आपला घरी बसतो."

लेकीने किल्ल्या बाजूला सरकवल्या. बाबांचा हात वर्षभर कापत होता, आणि घरी बसलेले बाबा तिला नुसते डोळ्यांसमोर आणवत नव्हते. म्हणून तर तिने हाताचा कंप पोटात घालणारी एक जुनी लेन्स कुठूनशी पैदा केली होती. तेवढ्यावर भागेना, म्हणून कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवून रिमोट बाबांच्या हातात दिला. दुधाने पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्यातली गत.

समोर खिडकीच्या उजेडात आई बसली होती. फोटो काढून घेईन तर ह्यांच्याकडूनच, हा तिचा हट्ट. "आटपा हो! हसून हसून गाल दुखायला लागले माझे."

क्लिक. स्क्रीनवर आई पार धूसर.

"बघ! कॅमेऱ्याला हात लावला नाही तरी हलला!" बाबांचा चेहराच पडला. "संपलं आता."

लेकीने लेन्सकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाबा, तुम्ही नाही, ही हलली! कंप आवरायचा खटका मी चालूच ठेवला. हात डावीकडे गेला की आतली काच उजवीकडे सरकते, म्हणून चित्र जागेवर राहतं. पण स्टँडवर कंप कुठला? मग बिचारी तो शोधत बसते आणि स्वतःच थरथरायला लागते."

"म्हणजे काम काढून घेतलं की बिघडते?" आईने विचारलं.

"अगदी तसंच."

आईने बाबांकडे एकदा पाहिलं. "मग हिला घरी नका बसवू बाई कुणी."

बाबांना हसू फुटलं. त्यांनी कॅमेरा स्टँडवरून उतरवला, कोपरं पोटाशी टेकवली. हात कापतच होते. लेकीने श्वास रोखून धरला. क्लिक.

आईची पापणी न् पापणी वेगळी दिसत होती. "सुरकुतीसुद्धा एक सोडली नाही मेलीने," आई कुरकुरली, पण स्क्रीनवरची नजर काही काढेना.

लेकीने किल्ल्या उचलून बाबांच्या तळहातावर ठेवल्या. हात कापला, किल्ल्या खुळखुळल्या. ओशाळून बाबांनी मूठ आवळली.

"वाजू द्या हो," आई म्हणाली. "तुम्ही आल्याचं लांबूनच कळतं."