चिंचेखालची मिरवणूक

"दोन तालुक्यांत गाजलेला बँड आणलाय, तो मुका नेऊ?" नवरदेवाचे मामा घोड्यापुढं आडवे उभे राहून कडाडले, आणि अंकुशला काय करावं सुचेना.

आज त्याच्या लेकीचं लग्न. मांडवाच्या वाटेवर गावची मोठी चिंच, चिंचेवर करकोच्यांची घरटी, घरट्यांत पिल्लं. दणका झाला की मोठे पक्षी भेदरून उडतात अन् पिल्लं खाली पडतात, म्हणून गावातलं प्रत्येक लग्न या झाडाखालून वाजंत्री बंद ठेवूनच जातं. पण वरपक्षाला हे पटवणार कोण? रुसून बसले म्हणजे?

अंकुशनं टोपी काढली, घातली, परत काढली. मग एकदम खुशीत आला.

"वाजवा की मामा, दणकून वाजवा! फक्त आवाज झाला की ही सगळी पाखरं एकदम उठत्यात, अन् उठताना पोट मोकळं करत्यात. मागच्या नवरदेवाला तर नवरीनं आवाजावरून ओळखला."

मामांनी भाच्याच्या पांढऱ्याशुभ्र शेरवानीकडं पाहिलं. मग वर पाहिलं. बँड थांबला.

मिरवणूक चवड्यांवर चालली. वर एक करकोचा पिल्लांपुढं मासा टाकत होता. मामा मान वर करून बघतच राहिले.

झाड मागं पडलं, मांडव दिसायला लागला, तरी बँड मुकाच. अंकुशची पुन्हा तगमग सुरू झाली. "अहो मामा, आता तरी वाजवा! लगीन हाय माझ्या लेकीचं!"

"श्श!" मामांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, पाव्हणं. पिल्लांची पंगत बसलीय."