शेवटच्या बसचा ठराव

"आज आपण इतिहास घडवतोय," नगराध्यक्ष गरजले. माइक बंद होता, म्हणून इतिहास पुन्हा घडवावा लागला. ठराव होता टेकडीवरच्या वस्तीची शेवटची बस बंद करण्याचा. समितीत एरवी अध्यक्षांच्या हातामागे बाकीचे हात आपोआप वर जायचे. आज मात्र तीन वर, तीन खाली. उरल्या परिवहन सभापती. त्याच वस्तीत राहणारी त्यांची आई प्रेक्षकांत डोळे लावून बसली होती. "ताई, खुर्ची हवीय ना? हात वर," अध्यक्ष कुजबुजले. माइक आता चालू होता. ताईंनी हात टेबलाखाली दाबून धरला. "खुर्ची तुम्हीच ठेवा. बस राहू द्या." ठराव बारगळला. आई काठी टेकत पुढे आली. सगळ्यांना वाटलं, लेकीला आशीर्वाद देणार. "बोलत बसलात, माझी बस गेली," ती म्हणाली. "आता मला घरी सोड."