जात्याखालचं पेव

मानसिंगनं बुटाची लाथ हवेत मारली आणि पुढच्या रांगेतली पोरं दचकून मागं सरली.

"असं उखळ उडवलं," तो म्हणाला. "खाली फळी. फळीखाली खड्डा. खड्ड्यात तिघं, बंदुका छातीशी धरून बसलेली. त्यांनी वर बघायच्या आत मी स्टेनगन रिती केली. तिघंबी आतल्या आत गार. सांडलेला तांदूळ पार लाल झाला बगा."

टाळ्यांनी शाळेचं पटांगण दणाणलं. चौऱ्याहत्तरचा पंधरा ऑगस्ट होता. हवालदार मानसिंग आसामच्या पलीकडच्या डोंगरांतून, बंडखोरांशी लढून, महिन्याच्या रजेवर आला होता. झेंडावंदन झाल्यावर भाऊसो गुरुजींनी त्याला बोलायला उभं केलं होतं. मागं गावातले दहा-बारा तरणे गडी उभे होते. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला भरती होती.

त्याची आई साळूबाई खुर्चीवर बसली होती. त्याच्यानंतर तिची पाळी. दर वर्षी असायची. तिच्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि गावातला तिचा सगळा मान त्या एका गोष्टीवर उभा होता.

बेचाळीसनंतरचे दिवस. सांगली जिल्हा अजून व्हायचा होता, सगळा मुलूख साताराच म्हणवायचा. पत्री सरकारातला सयाजी ठाण्यावरच्या बंदुका लुटून पळत आला आणि तिच्या घरात शिरला. तिनं त्याला जमिनीखालच्या धान्याच्या पेवात उतरवलं. पेवाच्या तोंडावर फरशी सरकवली, फरशीवर जातं ओढलं आणि दळायला बसली. पोलीस आले. बंदुकीच्या दस्त्यानं त्यांनी तिच्या खांद्याचं हाड मोडलं. फौजदारानं चार वर्षांच्या मानसिंगला तंगडी धरून उंबऱ्यावर आपटलं. ती उठली नाही. एका हातानं दळत राहिली. खालचा खोकला वर ऐकू येऊ नये म्हणून ओव्या मोठ्यानं म्हणत राहिली. तोच सयाजी आज पांढऱ्या मिशांचा होऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

"पर हवालदार," मागनं एक गडी ओरडला, "उखळाखाली खड्डा हाय हे कळलं कसं वो? अंगात आलं काय?"

पोरं खदाखदा हसली. मानसिंगही हसला.

"बाकीच्या बाया घरं सोडून पळाल्या. एक बाई तेवढी त्या उखळात कांडत राहिली. आमच्या जवानांनी लय मारली तिला. तिची पोरगी अंगणात हंबरडा फोडत हुती, तरी बाई हलंना. जवान म्हणले, येडी हाय, चला फुडं. मी म्हणलं, येडी न्हवं रं. ही तर आमची आई हाय!" त्यानं साळूबाईकडं हात केला. "हिच्या मांडीवर बसून ऐकलंय मी. मार खाऊनबी जी बाई जाग्यावरनं हलत न्हाई, तिच्या पायाखाली माणूस असतोय."

पुन्हा टाळ्या. सयाजीनं टाळीसाठी उचललेले हात तसेच खाली, मांडीवर ठेवले.

साळूबाई बसल्या जागेवरनंच म्हणाली, "आन त्या बाईचं रं?"

"कंच्या?"

"कांडत हुती ती."

"ती खड्ड्यावर आडवी पडली गं." मानसिंगनं डोक्यावरची टोपी नीट केली. "गोळी काय बाई बघती व्हय?"

भाऊसो गुरुजी घाईनं उठले. "आता साळूबाई आपल्याला त्यांची जात्याची गोष्ट सांगतील."

साळूबाई उभी राहिली. मोडून वाकडा सांधलेला खांदा एका बाजूला लोंबत होता. भरतीचे गडी पोरांना ढकलत पुढं सरकले.

"नीट बैजवार सांगा, मावशी," त्यांच्यातला एक म्हणाला. "आमाला कामाला यील."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग एकेकाकडं पाहिलं. पदरानं तोंड पुसलं.

"गुर्जी, इतकी वर्सं मी खोटं सांगत आले," ती म्हणाली. "पोलीस दारात आलं आन मी जातं सोडून पळाले. समद्या गावाच्या आदी."

कुणीतरी फिसकन हसलं. "आत्ता गं बया! म्हातारी थापाडी निघाली की."

"आई!" मानसिंगचा चेहरा लालबुंद झाला. "खांदा कुणी मोडला मग?"

"पळताना पडले."

"काय बी बोलू नगंस! आण्णा जित्तं बसल्यात हितं." तो सयाजीकडं वळला. "आण्णा, तुमी सांगा. तुमीच हुता ना खाली?"

सगळ्या माना सयाजीकडं वळल्या. तो काठीवर जोर देऊन उठला. साळूबाईकडं बघायचं त्यानं टाळलं.

"खरं बोलती माझी बहीण," तो म्हणाला. "समद्यांच्या आदी पळाली."